टाळी पडली ते कापले

मार्च महिन्यातल्या एका मंगळवारी, सकाळी सव्वानऊच्या सुमारास, फरीदाबादमधल्या भाड्याच्या घरी त्यांचे निधन झाले. वय एकसष्ट. दिल्लीच्या वर्तमानपत्रांत बातमी आली नाही. आमच्या मराठी वर्तमानपत्रात आली, आतल्या पानावर, एका परिच्छेदाची. ती दिल्ली कार्यालयातून मी पाठवली होती. तिच्यात एक चूक होती. त्यांनी दिग्दर्शित केलेल्या एकमेव कथापटाची लांबी मी दोन तास आठ मिनिटे अशी दिली होती. ती मूळची लांबी. ते गेले त्या दिवशी तो चित्रपट त्रेचाळीस मिनिटांचा होता. बाकीचा त्यांनी स्वतः कापून टाकला होता, वीस-एक वर्षांत, थोडा थोडा करून. दुरुस्ती छापून आली नाही. मीही ती पाठवली नाही.

चित्रपटाची प्रत एकच होती. मूळ निगेटिव्ह मुंबईच्या ज्या लॅबमध्ये ठेवले होते, ती लॅब बंद पडली आणि तिथला माल भंगारात गेला. फितीतून चांदी काढतात, त्यासाठी. हे त्यांना एका ओळखीच्या कॅमेरामनने पत्राने कळवले. पत्र वाचून ते म्हणाले, "बरं झालं. आता जो आहे तो हाच." तेव्हा मी समोर होतो. त्यांच्या पत्नी, ज्यांना मी वहिनी म्हणत असे, त्याही होत्या.

ते सत्तरच्या दशकात दिल्लीला आले, सरकारी माहितीपट करायला. धरणे, लसीकरण, कुक्कुटपालन. नोकरीत असतानाच रजा काढून, महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या एसटी स्टँडवर त्यांनी हा चित्रपट केला. कथा एका दिवसाची. एक बाई सकाळी पत्र्याची ट्रंक घेऊन स्टँडवर येते. नवऱ्याचे घर सोडून निघाली आहे, हे प्रेक्षकाला हळूहळू कळते. ती चौकशीच्या खिडकीशी तीनदा एकच गाडी विचारते. गाडी लागते, सुटते, ती चढत नाही. संध्याकाळी स्टँड झाडणारा माणूस तिच्या बाकाखालून झाडू मारतो आणि तिला पाय वर घ्यायला सांगतो. ती पाय वर घेते. चित्रपट संपतो.

त्या बाईचे काम वहिनींनी केले होते. लग्नापूर्वी त्या कऱ्हाडच्या एका हौशी संस्थेत नाटके करत. चित्रपटात काम करण्याला वडिलांचा विरोध होता. त्यांनी ते केले आणि माहेर तुटले. चित्रपट महाराष्ट्रात कधीच लागला नाही. तो दिल्लीत दिसत असे. फिल्म सोसायटीत, हिंदूराव रुग्णालयाच्या पलीकडे विद्यापीठाच्या एका सभागृहात, कधी दूतावासांच्या छोट्या खोल्यांत. वर्षाला दोन किंवा तीन खेळ. तो पाहायला येणारे दहा-बारा लोक ठरलेले होते. मी त्यांतला एक. या लोकांत त्यांचे नाव मोठ्या आदराने घेतले जाई. बाहेर कोणालाही ते माहीत नव्हते.

खेळ चालू असताना ते पडद्याकडे पाहत नसत. प्रोजेक्टरच्या बाजूला, प्रेक्षकांकडे तोंड करून उभे राहत. डाव्या हातात पांढरा सुती मोजा, फीत हाताळताना घालतात तो. उजव्या हातात पेन्सिल आणि एसटीच्या तिकिटांचे एक जुने पुस्तक. कोणी टाळी वाजवली, मोठ्याने हसले किंवा "वा" म्हणाले, की ते तिकिटाच्या पाठीवर खूण करत. घरी गेल्यावर तेवढा भाग कापत. हा नियम होता. त्याला अपवाद झाल्याचे मी पाहिले नाही.

कारण एकदाच सांगितले. सरकारी माहितीपटांचे पहिले खेळ मंत्र्यांसमोर होत. धरणाच्या भिंतीवर माणसे काम करताना दिसत तेव्हा सभागृह गप्प असे. मंत्री फीत कापताना दिसले की टाळ्या पडत. "पाच वर्षं मी हे ऐकलं," ते म्हणाले. "टाळी नेमकी चुकीच्या जागी पडते. आणि टाळी म्हणजे काय, बातमीदार? माणूस स्वतःची सुटका करून घेतो. वाजवली, झालं, मोकळा. मी त्यांना मोकळं करायला सिनेमा केला नाही."

मला ते शेवटपर्यंत 'बातमीदार' म्हणत.

खेळानंतर ते दाराशी उभे राहून प्रत्येकाला विचारत, "कुठे कंटाळा आला?" कोणी प्रामाणिकपणे जागा सांगितली, की त्यांचा चेहरा उजळत असे. "तो ठेवू," म्हणत. कंटाळा आला नाही असे म्हणणाऱ्याशी ते पुढे बोलत नसत.

कस्तुरबा गांधी मार्गावरच्या सरकारी अतिथिगृहात एका दिवाळीत मराठी मंडळींसाठी खेळ ठेवला होता. कॅन्टोन्मेंटमधून काही फौजी कुटुंबे आली होती. चित्रपटात एक कंडक्टर होता. म्हातारीच्या कोंबडीला अर्धे तिकीट फाडायचे की पूर्ण, यावर तो चार मिनिटे वाद घालतो. साताऱ्याकडचा एक सुभेदार त्यावर मांडी थोपटून हसला. नंतर पुढे येऊन म्हणाला, "सायेब, कंडक्टर एक लंबर! आमच्या कोरेगाव डेपोतनंच उचललाय जणू." त्यांनी त्याचे दोन्ही हात हातात घेऊन आभार मानले. पुढच्या दिवाळीत सुभेदार आपल्या युनिटमधल्या सहा जणांना घेऊन आला. कंडक्टर दाखवायला. चित्रपट संपला.

"सायेब, आपला कंडक्टर कुठं गेला?"

"बदली झाली," ते म्हणाले.

सहा जण सुभेदाराकडे पाहत होते. तो पुन्हा आला नाही.

आम्ही नेहमीचे लोक यावर हसलो. आम्ही हात मांडीखाली दाबून बसायला शिकलो होतो. नवा कोणी आला, तर त्यालाही तसे बसायला सांगत होतो. आम्हाला ते पवित्र वाटत होते. आज विचार करता, चित्रपटापेक्षा आम्हाला त्यांची कात्रीच जास्त आवडत होती, असे नोंदवावे लागते. मागच्या वेळेपेक्षा काय गेले, हे ओळखण्याची आमच्यात चढाओढ असे. "चहावाला गेला यार." "नळावरची बाई पण." चित्रपट वाचवावा, असे आमच्यापैकी एकानेही कधी सुचवले नाही.

फरीदाबादचे घर दोन खोल्यांचे, तळमजल्यावर. वर पंजाबी घरमालक. वीज दिवसातून चार-पाच तास जाई. त्यांचे काम अडत नसे. हाताने फिरवायची दोन चाके, फीत जोडायचे एक छोटे यंत्र आणि खिडकी. फीत खिडकीच्या उजेडात धरून ते चित्रे वाचत. कापलेला तुकडा ते जपून ठेवत नसत, नुसता फेकूनही देत नसत. बादलीत गरम पाणी आणि धुण्याचा सोडा घालून त्यात तो भिजवत. तासाभरात चित्र सुटून पाण्यात उतरे. मग स्वच्छ, पारदर्शक फीत अंगणातल्या दोरीवर वाळत घालत. तिचे तुकडे रिळांच्या सुरुवातीला कोरी फीत म्हणून जोडत, किंवा डासांच्या जाळीच्या खिडकीला भोक पडले तर तिथे चिकटवत. त्या खिडकीत अशा बऱ्याच पट्ट्या होत्या.

त्या घरात जेवणाचीही स्तुती करायची नसे. पहिल्यांदा जेवायला गेलो तेव्हा मी म्हणालो, "वहिनी, आमटी..."

"बोलू नका," वहिनी पटकन म्हणाल्या. "मागे कोणी तरी थालीपिठाला झकास म्हणालं. आठ वर्षं झाली, या घरात थालीपीठ नाही."

ते मान खाली घालून जेवत होते. "थालीपीठ बिघडलंच असतं पुढे," म्हणाले.

वहिनी जवळच्या एका शाळेत बालवर्गाला शिकवत. प्रत्येक खेळाला त्या येत आणि शेवटच्या रांगेत बसत. चित्रपट त्या एका गोष्टीसाठी पाहत, हे मला उशिरा समजले. दुपारी स्टँडवर ती बाई शिदोरी सोडते, हा तीन मिनिटांचा एक सलग शॉट होता. फडक्यात चार भाकऱ्या असतात. ती दोन बाजूला काढते. मग तिच्या लक्षात येते, की आपण सवयीने दोघांचे बांधून आणले आहे. नवऱ्याला सोडून निघालेली बाई नवऱ्याच्या वाटच्या भाकऱ्या घेऊन आली आहे. ती हसते. आधी नुसत्या ओठांनी, मग खरेच. मग हसू थांबते आणि ती त्या दोनही भाकऱ्या खायला लागते. संवाद नाही. पार्श्वसंगीत नाही. मी तो शॉट वीसहून अधिक वेळा पाहिला. मराठीत इतके चांगले काम मी पडद्यावर दुसरे पाहिलेले नाही, आणि हे मत मी बदललेले नाही. तो शॉट सुरू झाला, की सभागृहात कोणी हालत नसे. त्यामुळे तो वीस वर्षे राहिला. बाईचा चेहरा सरळ दिसेल असे बाकीचे सगळे शॉट तोपर्यंत गेले होते.

उदारीकरणाला सहा-सात वर्षे झाली होती. नोएडात खासगी वाहिन्यांची कार्यालये उघडत होती आणि त्यांना दिवसभर दाखवायला काही तरी हवे होते. एका वाहिनीने प्रादेशिक चित्रपटांसाठी आठवड्यातली एक दुपार राखली. तिथे आमच्या कार्यालयातून गेलेली एक मुलगी होती, दिल्लीत वाढलेली मराठी. हे मी वहिनींजवळ बोललो. ते शेजारच्या खोलीत चाके फिरवत होते.

वहिनी हळू आवाजात म्हणाल्या, "कऱ्हाडला बहिणीकडे केबल आलीय. ती वाहिनी दिसते तिला, मी विचारलं फोनवर." मग म्हणाल्या, "तिने मला त्यात कधी पाहिलं नाही हो. आई न बघताच गेली. एकदा व्हिडिओवर उतरलं, की मग यांनी घरी काय हवं ते कापावं."

मी मुलीला फोन केला. ती म्हणाली, "सर, मस्त आहे यार, पण बॉसला दाखवू काय? त्याने नावही ऐकलं नसेल. तुम्ही पेपरमध्ये एक मोठा पीस लिहा ना. प्रिंटमध्ये आलं की तो बिल्कुल मानेल."

त्यांची संमती वहिनींनी मिळवली. कशी, ते मला माहीत नाही. विचारल्यावर ते एवढेच म्हणाले, "टीव्हीवर टाळ्या ऐकू येत नाहीत. चालेल."

मी लेख लिहिला. रविवारच्या पुरवणीत अर्धे पान. एसटी स्टँड, एक प्रत, कात्री, सगळे त्यात होते. शेवटचे दोन परिच्छेद भाकऱ्यांच्या शॉटवर होते. त्यांत मी वहिनींचे नाव लिहिले आणि हा शॉट मराठी चित्रपटातला सर्वोत्तम आहे, असे लिहिले. वाहिनीच्या प्रमुखाने त्याचे भाषांतर करून घेऊन होकार दिला. बुधवारी सकाळी गाडी फरीदाबादला जाऊन तिन्ही डबे आणणार, असे ठरले.

रविवारचा अंक दिल्लीत सोमवारी येत असे. मंगळवारी दुपारी मी तो स्वतः नेऊन दिला. कोणी सांगितले नव्हते.

वहिनींनी आधी वाचला. शेवटचे दोन परिच्छेद दोनदा वाचले. मग अंक त्यांच्याकडे दिला आणि चहा ठेवायला आत गेल्या. त्यांनी तो मोजा घातलेल्या हातात धरून सावकाश वाचला, घडी घातली.

"चांगलं लिहिलंय, बातमीदार. प्रती किती निघतात तुमच्या?"

"मुंबई-पुणे मिळून लाखभर."

"लाखभर," ते म्हणाले. "एवढं मोठं सभागृह मला कधी मिळालं नव्हतं."

मला ते कौतुक वाटले. मी हसलो. वहिनी दारात कप घेऊन उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत. मी निघालो तेव्हा त्या फाटकापर्यंत आल्या.

"डबे आजच घेऊन जा ना. तुमच्या स्कूटरवर मावतील."

"वहिनी, उद्या सकाळी गाडी येतेयच की."

"तरी पण. रात्री तुमच्या घरी ठेवा."

साडेचारला शास्त्री भवनात पत्रकार परिषद होती. तीन डबे स्कूटरवर बांधून तिथे जाणे मला अवघड वाटले. उद्या मीही गाडीबरोबर येतो, असे सांगून मी निघालो. पत्रकार परिषदेत काही विशेष घडले नाही. दुसऱ्या दिवशीच्या अंकात तिची बातमी नव्हती.

बुधवारी साडेदहाला आम्ही पोचलो. अंगणातल्या दोरीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत, पुन्हा परत आणि पुन्हा, पारदर्शक फीत वाळत होती. दोरीचा उरलेला कोपरा वहिनींच्या दोन साड्यांनी अडला होता. वाहिनीच्या मुलीला ते काय आहे हे कळले नाही. "सर, ये क्या है, डेकोरेशन?" तिने विचारले.

तिन्ही डबे दाराशी काढून ठेवले होते. "घेऊन जा," ते म्हणाले. "आता नीट झालाय."

वहिनी शाळेतून अकराला आल्या. सकाळी त्या सातला निघाल्या, तेव्हा दोरीवर त्यांच्या साड्या तेवढ्या होत्या. फाटक उघडल्याबरोबर त्या थांबल्या. मग दोरीपाशी जाऊन त्यांनी फितीचे एक टोक उजेडात धरून पाहिले. तिच्यात काही नव्हते.

"तो?" त्यांनी विचारले.

"तोच."

"मी टाळी वाजवली नव्हती हो. एकदाही नाही. इतकी वर्षं."

"तू नाहीस," ते म्हणाले आणि माझ्याकडे बोट केले. "यांनी. छापून."

मुलगी डबे गाडीत ठेवत होती. वहिनी माझ्याकडे वळल्या नाहीत. त्यांनी साड्या काढून घड्या घातल्या आणि आत गेल्या. फीत दोरीवर तशीच होती. आम्ही निघेपर्यंत ती कोणी काढली नाही.

नोएडात रिळे तपासली. त्रेचाळीस मिनिटे. चित्रपटाच्या वेळेला कमी आणि लघुपटाच्या वेळेला जास्त. मुलगी म्हणाली, "सॉरी सर, स्लॉटच नाहीये." दोन महिन्यांनी डबे फरीदाबादला परत गेले. व्हिडिओवर काही उतरवले गेले नाही.

त्यानंतर ते दोन वर्षे जगले. एकच खेळ झाला. वहिनी आल्या नाहीत. प्रेक्षक नऊ होते आणि सगळे हात मांडीखाली घालून बसले होते. मी खुर्चीच्या कडा धरून बसलो. ते प्रोजेक्टरशेजारी उभे होते, पण तिकिटांवर काहीच लिहीत नव्हते. टाळी पडली नाही. खेळ संपल्यावर ते दाराशी आले, मला म्हणाले, "कुठे कंटाळा आला?"

"दुपारी," मी म्हणालो. "स्टँडवर. ती बाई जेवतच नाही."

"ते राहणार," ते म्हणाले आणि पुढच्या माणसाकडे वळले.

उरलेला चित्रपट वाईट नव्हता. त्यात रिकामे बाक आहेत, सुटणाऱ्या गाड्यांची धूळ आहे, चौकशीच्या खिडकीतला हात आहे आणि तीन-चार ठिकाणी पाठमोरी बसलेली एक बाई. तिच्याशेजारची ट्रंक दिसते. ती कोण आहे आणि का बसली आहे, हे आता कळत नाही. काही जाणकारांच्या मते त्यामुळेच तो मोठा आहे. मूळ चित्रपट न पाहिलेल्या दोघांनी अलीकडे तसे लिहिले आहे.

ते गेल्यावर चार महिन्यांनी वहिनींनी फरीदाबादचे घर सोडायचे ठरवले. कऱ्हाडला, बहिणीकडे. डबे कोणाला द्यायचे, हे त्यांनी मला पोस्टकार्डावर विचारले. आमचे बोलणे बंद होते असे नाही, पण त्या बुधवारनंतर पोस्टकार्डच येत. मी एका चित्रपट संग्रहालयाला लिहिले. त्यांचा अधिकारी दिल्लीत आला असताना डबे न्यायला फरीदाबादला आला. मी त्याच्याबरोबर होतो. त्याने एक छापील अर्ज वहिनींपुढे ठेवला. वहिनींनी तो चष्मा लावून, बालवर्गाच्या फळ्यावर काढतात तशा सुट्या, गोल अक्षरांत भरला. चित्रपटाचे नाव. दिग्दर्शकाचे नाव. देणाराचे नाव. दिग्दर्शकाशी नाते: पत्नी. त्याखालचा रकाना होता, 'देणाराचा चित्रपटात सहभाग असल्यास तपशील.' त्यापुढे त्यांनी 'नाही' असे लिहिले आणि खाली सही केली.